गळतंय ते गळू दे

टिळकवाडीतल्या बाईंची आधीची तक्रार एवढीच होती :
गिझरच्या बुडातून थेंब पडतो,
नव्या फरशीवर पिवळा डाग उमटतो.
कुणी मिस्त्री आला, व्हॉल्व्हच्या तोंडात
पितळी बूच आवळून गेला. पन्नास रुपये.
डाग गेला.
आता टाकी आतून कुरकुरते म्हणून मी.

आधी मेन स्विच पाडला.
मग कशालाच हात लावला नाही.
बाहेर पायरीवर बसलो, बाईंनाही बाहेर बसवलं.
"नुसतं बसून काय करूलालास?"
"थंड होऊ दे, बाई. तिला."

वडगावात रंगाचं शेड होतं तवनाप्पा शेठचं.
बॉयलरवर मोनाप्पा मुतगेकर,
त्याच्या हाताखाली मी, सोळा वर्षांचा,
शिंकरलं तरी नाकातून जांभळं यायचं.
दाब चढला की व्हॉल्व्हची दांडी उचलायची,
वाफ फुसफुसायची,
शेठ गल्ल्यावरून ओरडायचे : माझी लाकडं चालली बघ वर!
मोनाप्पा बिडी विझवत म्हणायचा,
चिडलेला माणूस बोलतोय तोवर भ्यायचं नाही.
गप्प झाला की लांब व्हायचं.

भिंतीवर कन्नडात पाटी होती : अपाय.
"त्यांचाबी अपाय, आपलाबी अपाय,
ह्या एका शब्दावर तरी तंटा नाही," असं तो म्हणायचा,
तोवर एका रात्री कुणीतरी तिला डांबर फासलं.
कुणी ते कळलं नाही.
काळी पाटी तशीच लटकत राहिली.

लग्नसराई. चारशे साड्या, दोन दिवस.
मोनाप्पा येळ्ळूरला मयतीला गेलेला.
शेठ म्हणाले, अडकव बे काहीतरी त्या दांडीला.
मी मोठा पाना अडकवला.
फुसफुस थांबली.
शेड कधी नव्हे ते शांत झालं,
हौदातला रंग रटरटतोय ते ऐकू येऊ लागलं,
कोपऱ्यात मल्लव्वा निळ्या हौदावर गुणगुणत होती,
ती गुणगुणते हे मला त्या दिवशी कळलं.
खरं सांगतो,
ती शांतता मला आवडली.

मी किटली घेऊन चहाला गेलो.

तांब्याभर पाण्याची सोळाशे तांबे वाफ होते
हे पुढं कधीतरी एका इन्स्पेक्टरनं सांगितलं.
तेव्हा फक्त पायाखालचा रस्ता एकदा उडाला,
आणि आभाळातून ओल्या साड्या आल्या,
सावकाश, एकेक,
चिंचेवर, तारांवर, शाळेच्या कौलांवर.
बॉयलरचं दार तीन दिवसांनी सापडलं
पार अनगोळकडच्या भाताच्या खाचरात, उताणं.
त्यात पाणी साठलं होतं. बेडूक होता.
मल्लव्वा निळ्या हौदावर होती.
एवढंच.

पंचनाम्यात मोनाप्पा म्हणाला, मी नव्हतो.
तेवढं म्हणताना एकदाच माझ्याकडं बघितलं.
पुढं आगीजवळ कधी काम केलं नाही त्यानं.
बेळगावच्या जानेवारीत, धुक्यात,
अंगणात गार पाण्यानं आंघोळ करायचा, ओठ निळे पडेतोवर.
मी जायचो. बोलायचा नाही.

टाकीला तळवा लावला. निवली होती.
बूच सोडवलं. मागं राकसकोपच्या पाण्याचा
पांढरा खडा धरलेला, दातावर धरतो तसा.
नवा व्हॉल्व्ह बसवला, नळी मोरीत सोडली,
स्विच वर केला.
पाणी तापलं.
थेंब पडला.

"पुन्हा गळूलंय की हो!"
गळतंय ते गळू दे, बाई.
खाली बालदी ठेवा. तुळशीला घाला.
हा थेंब बंद पडला तर मात्र
रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा.

बूच खिशात घालून आणलं.
घरी डालड्याच्या डब्यात असली एकतीस आहेत.
बायको म्हणते, मोडीत तरी घाला.
घालेन.
तो पाना अजून कुणाला सापडलेला नाही.